चोवीस सेकंदांचा हिशेब
बास्केटबॉल प्रथमच पाहणाऱ्याने चेंडूइतकेच लक्ष बास्केटवरच्या ‘शॉट क्लॉक’कडे द्यावे. चेंडू ताब्यात आल्यावर २४ सेकंदांत तो बास्केटकडे फेकावाच लागतो. फेक निदान रिंगला लागली नाही, तर चेंडू प्रतिस्पर्ध्यांना मिळतो. पूर्वी हे बंधन नव्हते. २२ नोव्हेंबर १९५० रोजी अमेरिकेतील एनबीए स्पर्धेत फोर्ट वेन पिस्टन्सने बलाढ्य मिनियापोलिस लेकर्सविरुद्ध चेंडू नुसता रोखून धरला आणि सामना १९-१८ असा जिंकला. ४८ मिनिटांत अवघे ३७ गुण! प्रेक्षक विटले नसते तरच नवल. सिराक्यूज संघाचे मालक डॅनी बायासोन यांनी साधा हिशेब मांडला : रंगतदार सामन्यात दोन्ही संघांच्या मिळून सुमारे १२० फेकी होतात, सामन्याच्या २८८० सेकंदांना १२० ने भागले की २४ येतात. १९५४ मध्ये नियम लागू झाला आणि पहिल्याच मोसमात प्रत्येक संघाची सरासरी ८० च्या आसपासवरून ९३ गुणांवर गेली.