संकेतस्थळावरील परका मजकूर : सोय आणि सावधगिरी

शासकीय कार्यालये, विद्यापीठे, बँका आणि नगरपालिका यांची संकेतस्थळे ही आज नागरिकांच्या नित्य उपयोगाची साधने झाली आहेत. अशा संकेतस्थळाचे पान उघडले, की त्यावरील सर्व काही त्या संस्थेचेच आहे, असे वाचक गृहीत धरतो. वस्तुस्थिती पुष्कळदा निराळी असते. पानावरील नकाशा एका कंपनीकडून येतो, चित्रफीत दुसरीकडून येते, तर वाचकसंख्या मोजणारी आज्ञावली तिसऱ्याच ठिकाणाहून. वाचक पान उघडतो, त्या क्षणी ही सामग्री परक्या संगणकावरून येऊन पानात बसते. यामुळे श्रम व खर्च वाचतो, हे खरे. परंतु आपल्या नावावर वाचकाने टाकलेला विश्वास आपण त्या परक्या संगणकाला उसना देत असतो, ही गोष्ट सहसा ध्यानात घेतली जात नाही.

एका रविवारची घटना

११ फेब्रुवारी २०१८ रोजी, रविवारी, याचा प्रत्यय जगाला आला. दृष्टिदोष असलेल्या वा वाचनात अडचण येणाऱ्या व्यक्तींना पानावरील मजकूर मोठ्याने वाचून दाखविणारी 'ब्राउजअलाउड' ही सेवा अनेक संस्थांनी आपल्या संकेतस्थळांवर जोडून घेतली होती. कोणीतरी त्या सेवेच्या मूळ आज्ञावलीतच फेरफार केला. परिणामी चार हजारांहून अधिक संकेतस्थळांवर येणाऱ्या वाचकांचे संगणक, त्यांच्या नकळत, 'मोनेरो' हे आभासी चलन निर्माण करण्याच्या कामाला जुंपले गेले. त्यांत ब्रिटनच्या आरोग्यसेवेची आणि अमेरिकेच्या न्यायालयांची संकेतस्थळे होती. नागरिकांच्या खाजगी माहितीचे रक्षण करणारे ब्रिटनचे माहिती आयुक्त कार्यालयही त्यातून सुटले नाही. यांपैकी एकाही संस्थेच्या संगणकात चोर शिरला नव्हता. तो शिरला होता एकाच पुरवठादाराकडे. विष विहिरीतच पडल्यावर प्रत्येक घरच्या घागरीत ते पोहोचणारच.

चौकट आणि आज्ञावली

परका मजकूर मुख्यतः दोन रीतींनी पानात बसतो, आणि त्यांतील भेद समजून घेणे अगत्याचे आहे. पहिली रीत चौकटीची. आपल्या पानात एक खिडकी पाडून तीतून दुसऱ्याचे पान दाखविले जाते. खिडकीतील पानाला बाहेरच्या पानातील मजकूर वाचता येऊ नये, अशी व्यवस्था ब्राउजरमध्येच केलेली असते. तरीही त्या चौकटीत खोटा परवलीचा शब्द विचारणारा अर्ज दाखविता येतो, किंवा वाचकाला भलत्याच संकेतस्थळावर नेता येते. उलट प्रकारही घडतो. एखादा लबाड मनुष्य आपल्या पानावर बँकेचे पान पारदर्शक करून अंथरतो. वाचक बक्षिसाचे बटण दाबतो, आणि प्रत्यक्षात दाबले जाते ते बँकेचे.

दुसरी रीत आज्ञावलीची, आणि ती अधिक जोखमीची. पानात घेतलेली परकी आज्ञावली ही ब्राउजरच्या दृष्टीने पाहुणी नसते, ती घरचीच ठरते. वाचकाने अर्जात लिहिलेले नाव, क्रमांक, परवलीचा शब्द हे सारे तिला वाचता येते आणि अन्यत्र धाडताही येते.

चंचुप्रवेश

हा प्रवेश वाचकांनी लिहिलेल्या मजकुरातूनही होऊ शकतो. ४ ऑक्टोबर २००५ रोजी 'मायस्पेस' या संकेतस्थळावर सॅमी कामकार या तरुणाने आपल्या परिचयपृष्ठात एक छोटी आज्ञावली लपविली. चालकांनी धोक्याचा शब्द निषिद्ध ठरविला होता. त्याने तोच शब्द दोन ओळींत तोडून लिहिला, आणि काही ब्राउजरांनी तो जोडून वाचला. ते पृष्ठ पाहणाऱ्याच्या परिचयपृष्ठात आज्ञावली आपोआप उतरत गेली, आणि सुमारे वीस तासांत ती दहा लाखांहून अधिक पृष्ठांवर पसरली. निषिद्ध गोष्टींची यादी कधीच पुरी होत नाही. म्हणून काय चालेल याचीच यादी करावी, हा धडा त्यातून मिळाला.

मालक बदलला तर?

आज विश्वासू असलेला पुरवठादार उद्याही तसाच राहील, याची शाश्वती नसते. 'पॉलिफिल' ही जुन्या ब्राउजरांना साहाय्य करणारी आज्ञावली लाखाहून अधिक संकेतस्थळे वापरीत होती. फेब्रुवारी २०२४ मध्ये तिचे वितरण करणारा पत्ता एका चिनी कंपनीच्या हाती गेला. मूळ निर्मात्याने ती काढून टाकण्याचा इशारा तेव्हाच दिला होता. जूनमध्ये त्याच पत्त्यावरून भ्रमणध्वनीवरील निवडक वाचकांना जुगाराच्या संकेतस्थळांकडे वळविले जात असल्याचे उघडकीस आले. आयत्या बिळात नागोबा शिरला होता.

उपाययोजना

यावरील उपाय फारसे खर्चिक नाहीत. पानावर परक्या ठिकाणाहून काय काय येते याची नोंद ठेवावी आणि अनावश्यक ते काढून टाकावे. शक्य तेथे आज्ञावलीची प्रत स्वतःच्याच संगणकावर ठेवावी. अन्यथा तिची अंकमुद्रा पानात नोंदवावी, म्हणजे एक अक्षर बदलले तरी ब्राउजर ती नाकारतो. ही सोय २०१६ सालीच प्रमाणित झाली होती. २०१८ च्या त्या रविवारी ती वापरणाऱ्या पानांवर बदललेली आज्ञावली चाललीच नसती. कोणत्या पत्त्यांवरून सामग्री घ्यावी आणि आपले पान कोणाच्या चौकटीत दिसावे, हेही ब्राउजरला लेखी कळविता येते. चौकटीतील पानाला तर मोजकेच अधिकार द्यावेत.

एवढे करूनही बाधा झालीच, तर ती लपवू नये. भारतीय संगणक आपत्कालीन प्रतिसाद पथकाच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार अशा घटनेची माहिती सहा तासांच्या आत कळविणे बंधनकारक आहे. आर्थिक फसवणूक झालेल्या नागरिकांसाठी १९३० हा मदत क्रमांक आहे.

शासकीय पानावर अर्ज भरणारा शेतकरी किंवा विद्यार्थी त्या पानामागील आज्ञावली तपासू शकत नाही. तो पाहतो ते केवळ वरचे नाव. त्या नावाखाली येणाऱ्या प्रत्येक ओळीची जबाबदारी, मग ती कोठूनही येवो, ज्याचे नाव आहे त्याचीच होय.