पाळणा लांबवणारी गोळी आणि आपल्या फडातल्या भगिनी



हंगाम जवळ आला की आपण टोळ्या, उचल आणि वाहतूक यांचाच हिशोब मांडतो. या खेपेस आम्ही वेगळा विषय घेतला आहे. कुटुंबनियोजनाची, पोटात घ्यायची गोळी. विषय संकोचाचा खरा, पण तो आपल्या फडापर्यंत येऊन पोचतो.

महाराष्ट्रात हा प्रश्न उघडपणे मांडला तो र. धों. कर्वे यांनी. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले व १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवले. त्यापायी प्राध्यापकी गेली, कोर्टाची पायरी चढावी लागली. गोळी मात्र तेव्हा नव्हती.

या गोळीचे मूळ शेतकऱ्याला नवल वाटावे असे आहे. आपल्यापैकी कुणाची मुले मोहोपाडा-रसायनीकडे नोकरीस असतील, त्यांनी कर्जत-खालापूरच्या डोंगरातले करांदे पाहिले असतील. कातकरी, ठाकूर मंडळी ते खणून आणतात. त्याच जातकुळीचे रानकंद मेक्सिकोत होतात. रसेल मार्कर या रसायनतज्ज्ञाने १९४० नंतर त्यांपासून संप्रेरक बनवले आणि १९५१ साली मेक्सिकोतच तोंडाने घेता येईल असे संप्रेरक तयार झाले. नुसते करांदे खाऊन मात्र दिवस जायचे थांबत नाहीत, हे ध्यानात असू द्यावे!

गोळीची मोठी चाचणी १९५६ साली झाली ती पोर्टो रिकोत. तेही उसाचेच बेट. तिथल्या गरीब बायांना, ही चाचणी आहे, हे धड सांगितलेही नव्हते. मळमळ, चक्कर, डोकेदुखीच्या तक्रारी मनावर घेतल्या गेल्या नाहीत. गोळीची मात्राही आजच्या कितीतरी पट होती. १९६० साली अमेरिकेत गोळीला मान्यता मिळाली. पुढे तिकडच्या कितीतरी मुलींना शिक्षण पुरे करून वकिली-डॉक्टरकी करता आली. मूल केव्हा हवे, हे ठरवणे बाईच्या हाती आले.

आपल्याकडे काय झाले? २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीत देशातल्या दर शंभर विवाहित स्त्रियांमागे सुमारे ३८ जणींची शस्त्रक्रिया झालेली होती, गोळी घेणाऱ्या ५ होत्या. पुरुषांची नसबंदी शंभरात एकसुद्धा नाही! म्हणजे भार बाईवर, आणि तोही चाकूचा.

आता फडाकडे येऊ. नवराबायको मिळून एक कोयता. खाडा पडला की पैसे कापले जातात, मग पाळी असो की दुखणे. २०१९ साली शासनाच्या समितीपुढे बीड जिल्ह्यातल्या सुमारे ८२ हजार ऊसतोड भगिनींची पाहणी आली. त्यांतल्या १३ हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली होती. अंगावर फार जाणे, पोटात दुखणे, अशा तक्रारींवर पुष्कळदा आधी औषधांनी इलाज होतो. गोळीसुद्धा अमेरिकेत प्रथम १९५७ साली पाळीच्या तक्रारींसाठीच मान्य झाली होती. पण ते सांगायला डॉक्टर हवा, आणि तिथवर जायला एक दिवस हवा.

सरकारी दवाखान्यात ‘माला-एन’ फुकट मिळते. ती रोज घ्यावी लागते. लखनौच्या संशोधन संस्थेत तयार झालेली ‘छाया’ पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा व नंतर एकदाच घ्यायची असते. रक्तदाब असणाऱ्या, अंगावर पाजणाऱ्या भगिनींनी आधी तपासून घ्यावे. शेजारणीची गोळी मागून घेऊ नये.

आमचे म्हणणे थोडक्यात असे. टोळी उतरली की आरोग्यसेविकेची फेरी तळावर व्हावी, आणि दवाखान्याचा दिवस खाडा धरू नये. येत्या वार्षिक सभेत हे दोन मुद्दे सभासदांनीच मांडावेत. ऊस आपला आहे. तो तोडणाऱ्या बाईच्या जिवाची काळजीही आपणच वाहायला हवी.