तिसऱ्या फेरीची धाकधूक

लिव्हरपूल किंवा मँचेस्टर सिटीशी सामना असला की आदल्या रात्री मला शांत झोप लागते. हरलो तर तोलामोलाच्या संघाशी हरलो, जिंकलो तर आठवडाभर मान ताठ. झोप उडते ती जानेवारीत, एफए कपच्या तिसऱ्या फेरीत आर्सेनलची गाठ खालच्या डिव्हिजनमधल्या एखाद्या क्लबशी पडते तेव्हा. मित्र म्हणतात, "अरे, चार-पाच गोल सहज मारतील, काळजी कसली करतोस?" त्यांचं गणित बरोबर असतं. बहुतेक वेळा तसंच घडतं. पण या स्पर्धेचा इतिहास ज्याने वाचला आहे, त्याला त्या 'बहुतेक' शब्दाच्या पलीकडचं दिसत असतं. या धाकधुकीवर माझा जीव आहे. ती टिकली पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

एफए कप 1871-72 च्या हंगामात सुरू झाला. जगातली ही सर्वांत जुनी फुटबॉल स्पर्धा. दर ऑगस्टमध्ये ती गावपातळीच्या क्लबांपासून सुरू होते, आणि सातशेहून अधिक क्लब तिच्यात उतरतात. दिवसा कामधंदा करून संध्याकाळी सरावाला येणारे खेळाडू एकेक फेरी पार करत पुढे सरकतात. तिसऱ्या फेरीत प्रीमियर लीगचे 20 आणि त्याखालच्या चॅम्पियनशिपचे 24 क्लब येऊन मिळतात, खालून तगून आलेले 20 असतात, असे 64. सोडतीत कुणालाही मानांकन नसतं. ज्याचा चेंडू आधी निघेल त्याचं मैदान. त्यामुळे विश्वविजेते खेळाडू बाळगणाऱ्या संघाला कधीकधी चार-पाच हजारांच्या मैदानावर, पत्र्याच्या छपराखाली उभ्या असलेल्या गर्दीसमोर खेळावं लागतं. शनिवारी दुपारी तीनचा सामना आपल्याकडे रात्री साडेआठला सुरू होतो. जेवणाची ताटं त्या दिवशी टीव्हीसमोरच येतात.

आर्सेनलने हा कप 14 वेळा जिंकला आहे, इतर कुणाहीपेक्षा जास्त. आणि या कपातल्या सर्वांत गाजलेल्या पराभवांपैकी काही आमच्याच वाट्याला आले आहेत. पहिला 14 जानेवारी 1933 चा. समोर होता वॉल्सॉल, तिसऱ्या डिव्हिजनच्या उत्तर गटातला क्लब. आर्सेनलचा मॅनेजर होता हर्बर्ट चॅपमन, इंग्लिश फुटबॉलला आधुनिक वळण लावणारा माणूस. त्याचा संघ तेव्हा लीगमध्ये अव्वल होता आणि त्याच हंगामात विजेताही ठरला. त्या दिवशी काही नेहमीचे खेळाडू दुखापतीमुळे आणि फ्लूमुळे नव्हते. चॅपमनने राखीव फळीतली पोरं उतरवली. वॉल्सॉलसाठी ही पुरतील, असा हिशेब असावा.

वॉल्सॉलच्या फेलोज पार्कचं मैदान अरुंद होतं, प्रेक्षक रेषेला खेटून उभे होते. वॉल्सॉलच्या खेळाडूंनी पहिल्या मिनिटापासून अंगावर जाऊन खेळ केला. उत्तरार्धात गिल्बर्ट ऑल्सपने हेडर मारून गोल केला. थोड्याच वेळात आर्सेनलच्या टॉमी ब्लॅकने ऑल्सपलाच पाडलं, पेनल्टी मिळाली आणि बिल शेपर्डने ती घातली. दोन-शून्य. वॉल्सॉलचा सबंध संघ उभा करायला अवघे 69 पौंड लागले होते, असं तेव्हापासून सांगितलं जातं. आर्सेनलच्या एकेका खेळाडूवर हजारो पौंड मोजलेले होते. चॅपमन इतका संतापला की त्याने ब्लॅकला पुन्हा आर्सेनलच्या हायबरी मैदानात पाऊल ठेवू दिलं नाही. काही दिवसांतच त्याला प्लिमथला विकलं. चॅपमनबद्दल मला अपार आदर आहे, पण ही शिक्षा मला आजही अन्यायाची वाटते. एका नवख्या पोराच्या माथी सगळ्या संघाचा पराभव मारला गेला. वॉल्सॉलमध्ये मात्र ऑल्सपचं नाव स्टेडियमच्या एका स्टँडला दिलं गेलं.

हे असं घडतं कसं? याचं उत्तर नशिबात शोधण्याआधी गोलसंख्येत शोधावं. वरच्या दर्जाच्या फुटबॉलमध्ये एका सामन्यात दोन्ही संघ मिळून सरासरी अडीच ते तीन गोल होतात. बास्केटबॉलमध्ये एका सामन्यात एकेका संघाचे शंभर गुण होतात. तिथे एखाद-दुसरा चुकार फटका निकाल बदलत नाही, सरस संघ शेवटी पुढे जातोच. क्रिकेटच्या एकदिवसीय सामन्यात तीनशे चेंडूंमध्ये कौशल्याला आपला हिशेब चुकता करायला वेळ मिळतो. फुटबॉलमध्ये मात्र नव्वद मिनिटांची हुकूमत एका कॉर्नरवर वाहून जाऊ शकते. लॉस अलामॉसच्या प्रयोगशाळेतल्या आणि बोस्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी 2006 मध्ये पाच खेळांच्या शंभर वर्षांतल्या तीन लाखांहून अधिक सामन्यांचे निकाल तपासले होते. कमकुवत संघ बलवान संघाला हरवण्याचं प्रमाण त्यांना इंग्लंडच्या फुटबॉलमध्ये सर्वाधिक आढळलं. बेसबॉल जवळपास बरोबरीला होता, बास्केटबॉल आणि अमेरिकन फुटबॉल बरेच मागे.

लहान संघाचे प्रशिक्षक हे जाणून असतात. म्हणून ते चेंडू आपल्याकडे ठेवण्याच्या फंदात पडत नाहीत. चार-चार किंवा पाच-चार अशा दोन ओळी पेनल्टी क्षेत्रासमोर लावायच्या, मधली जागा गच्च बंद करायची, समोरच्याला कडेकडेने खेळू द्यायचं. संधी म्हणजे फ्री किक, कॉर्नर, लांब थ्रो. तेवढ्यासाठी आठवडाभर सराव करायचा. साठाव्या मिनिटापर्यंत शून्य-शून्य राहिलं की दडपण बाजू बदलतं. मोठ्या संघाचे पास घाईचे होतात, बचावपटू पुढे सरकतात, मागे मोकळी जागा पडते. टीव्हीसमोर बसून मी त्या साठाव्या मिनिटाचीच वाट पाहत असतो. पहिला गोल आमचा त्याआधी झाला तर ठीक. नाही झाला तर घड्याळाकडे बघवत नाही.

4 जानेवारी 1992 ला असंच झालं, तेही आमचा गोल झालेला असताना. रेक्सहॅम हा वेल्समधला क्लब आदल्या हंगामात संपूर्ण फुटबॉल लीगच्या तळाशी, अगदी शेवटच्या क्रमांकावर होता. आर्सेनलने त्याच हंगामात एकच सामना गमावून लीग जिंकली होती. म्हणजे पहिल्याची लढत शेवटच्याशी. ॲलन स्मिथने आर्सेनलला पुढे नेलं. शेवटची आठेक मिनिटं उरली असताना 37 वर्षांच्या मिकी थॉमसने फ्री किकवर चेंडू थेट जाळ्यात धाडला. दोनच मिनिटांत स्टीव्ह वॉटकिनने दुसरा गोल केला. आज रेक्सहॅमला दोन नामांकित अभिनेत्यांनी विकत घेतलं आहे आणि 2023 पासून सलग तीन वेळा बढती मिळवून तो चॅम्पियनशिपमध्ये पोहोचला आहे. पण तिथल्या जुन्या चाहत्यांसाठी 1992 ची ती दोन मिनिटं कुठल्याही बढतीपेक्षा कमी नसणार.

आता ज्या गोष्टीने मी अस्वस्थ आहे ती सांगतो. 2024-25 च्या हंगामापासून एफए कपातले रीप्ले बंद झाले. पूर्वी सामना बरोबरीत सुटला तर दुसऱ्या संघाच्या मैदानावर तो पुन्हा खेळवला जाई. आता त्याच दिवशी जादा वेळ आणि पेनल्टी. कारण उघड आहे: युरोपीय स्पर्धांचे सामने वाढले, वेळापत्रकात जागा उरली नाही, मोठ्या क्लबांचे खेळाडू दमतात. तळाच्या फुटबॉलसाठी जादा पैसे देण्याचं आश्वासनही त्यासोबत दिलं गेलं. खालच्या क्लबांनी मात्र आपल्याला विचारलंच नाही म्हणून जोरदार निषेध केला. खेळाडूंची दमछाक खरी आहे, ते मी नाकारत नाही. पण ज्या क्लबांमुळे वेळापत्रक भरलं त्यांना सूट मिळाली आणि किंमत मोजली दुसऱ्यांनीच.

या कपातला सर्वांत प्रसिद्ध धक्का आठवा. फेब्रुवारी 1972, हेरफर्ड विरुद्ध न्यूकॅसल. हेरफर्ड तेव्हा लीगमध्येही नव्हता. त्याने न्यूकॅसलला त्यांच्याच मैदानावर 2-2 असं रोखलं आणि रीप्ले आपल्या गावात आणला. चिखलाने माखलेल्या त्या मैदानात शेवटची काही मिनिटं उरली असताना न्यूकॅसल एका गोलने पुढे होता. रॉनी रॅडफर्ड नावाच्या, पेशाने सुतार असलेल्या मधल्या फळीतल्या खेळाडूने लांबून मारलेला फटका थेट कोपऱ्यात घुसला. जादा वेळेत बदली आलेल्या रिकी जॉर्जने विजयी गोल केला. पोरं मैदानात धावत सुटली ते दृश्य इंग्लंडमध्ये दर जानेवारीत दाखवलं जातं. ते दृश्य रीप्लेचं आहे.

माझ्या क्लबचंच अलीकडचं उदाहरण घ्या. 2017 मध्ये पाचव्या स्तरावरचे दोन क्लब आमच्यासमोर आले, आधी सटन युनायटेड आणि मग लिंकन सिटी. आर्सेनल सटनच्या कृत्रिम गवतावर 2-0 ने जिंकला. लिंकन तर उपांत्यपूर्व फेरीत पोहोचला होता. लीगबाहेरच्या क्लबला पुन्हा तिथवर यायला 103 वर्षं लागली होती. सुमारे नऊ हजार लिंकनकर लंडनला आले, त्यांचा संघ पूर्वार्ध संपेपर्यंत तग धरून होता, शेवटी 5-0 ने हरला, आणि तरी ते गातच राहिले. हे दोन्ही क्लब तिसऱ्या फेरीत रीप्ले जिंकून पुढे आले होते.

पैशाची बाजू तर त्याहून मोठी. तिकिटांचं उत्पन्न दोन्ही क्लबांत सारखं वाटलं जातं, थोडा हिस्सा स्पर्धेकडे जातो. 2005 च्या जानेवारीत एक्झिटर सिटी हा लीगमधून बाहेर फेकला गेलेला, कर्जात बुडालेला, चाहत्यांनी वर्गणी काढून हाती घेतलेला क्लब ओल्ड ट्रॅफर्डवर मँचेस्टर युनायटेडसमोर 67 हजारांहून अधिक प्रेक्षकांसमोर उभा राहिला आणि 0-0 ने बरोबरी करून परतला. रीप्ले 2-0 ने हरला, रोनाल्डो आणि रूनीने गोल केले. पण त्या दोन सामन्यांच्या उत्पन्नाने कर्जाचा मोठा भार हलका झाला. 2008 मध्ये एक्झिटर लीगमध्ये परतला. चाहत्यांच्या मालकीचा तो आजही आहे. मँचेस्टर युनायटेडच्या त्या हंगामाचा कुठलाही सामना मला इतका मोलाचा वाटत नाही.

लहान क्लबाने मोठ्यांना धक्का देण्याची ही गोष्ट फक्त इंग्लंडची नाही. 2016-17 च्या आय-लीगमध्ये ऐजॉलने जे केलं ते आपल्या डोळ्यांसमोर घडलं. आदल्या वर्षी हा मिझोरमचा क्लब खाली घसरला होता. गोव्याच्या क्लबांनी लीगमधून अंग काढून घेतलं म्हणून त्याला परत जागा मिळाली. प्रशिक्षक आला खालिद जमील, मुंबई एफसीची सात वर्षं सांभाळून नुकताच मोकळा झालेला. त्याच्यासोबत मुंबईचे जयेश राणे आणि आशुतोष मेहता हेही गेले. एप्रिलमध्ये घरच्या मैदानावर त्यांनी मोहन बागानला 1-0 हरवलं, शेवटच्या दिवशी शिलाँगमध्ये बरोबरी साधली आणि एका गुणाने भारताचं विजेतेपद जिंकलं. त्याच हंगामात मुंबई एफसी तळाला गेला. खालिद पुढे 2025 मध्ये राष्ट्रीय संघाचा प्रशिक्षक झाला. मोहन बागानच्या चाहत्यांना त्या एप्रिलमध्ये काय वाटलं असेल, हे आर्सेनलवाल्याला सांगावं लागत नाही.

म्हणून माझं मागणं सरळ आहे. दोन किंवा अधिक डिव्हिजनचं अंतर असलेले क्लब भिडतील आणि लहान क्लब बरोबरी करेल, तिथे तरी तिसऱ्या फेरीचा रीप्ले परत आणावा. अशा लढती वर्षाला मोजक्याच असतात, मोठ्या क्लबांकडे पंचवीस-पंचवीस खेळाडूंचा ताफा असतो, एक मंगळवार त्यांना जड जाणार नाही. आणि ही मागणी आर्सेनलसारख्या क्लबांच्या चाहत्यांनीच पुढे रेटायला हवी, कारण लहान क्लबांचा आवाज गेल्या वेळी कुणी ऐकला नाही. येत्या जानेवारीत तुम्हीही अंतिम सामन्याची वाट न पाहता तिसऱ्या फेरीतली अशी एखादी लढत पहिल्या मिनिटापासून पाहा.