दहा चिमटे

डोंबिवलीतलं तिसऱ्या मजल्यावरचं घर, सकाळचे साडेनऊ. सोफा बाजूला सरकवलाय, पायात अडकणारी सतरंजी गुंडाळून ठेवलीय. लाकडी खुर्चीची पाठ भिंतीला टेकवलीय, म्हणजे उठता-बसताना ती मागे सरकणार नाही. खुर्चीत दादा बसलेत. वय ३६, डाउन सिंड्रोम.

समोर फिजिओथेरपिस्ट ताई. "दादा, बघा हं," म्हणत त्या स्वतः उठून, बसून दाखवतात. "आता तुम्ही." बस्स, एवढंच. 'पाठ सरळ, पाय जवळ, पुढे वाका' अशी सूचनांची सरबत्ती नाही.

दादा बघत राहतात. काहीच घडत नाही. दारात उभ्या असलेल्या आईचा हात आपसूक पुढे होतो. ताई नजरेनंच थोपवतात. मग दादांचे तळवे गुडघ्यांवर येतात, धड पुढे झुकतं आणि ते उठतात. ऐकलेलं अंगात उतरायला त्यांना जरा वेळ लागतो, इतकंच. तेवढ्यात कुणी काखेत हात घातला, तर त्यांनी स्वतः उठायचं राहूनच जातं.

शेजारच्या स्टुलावर दोन वाट्या, एकीत कपडे वाळत घालायचे दहा चिमटे. एकदा उठलं की एक चिमटा दुसऱ्या वाटीत. दादांचे आकडे तीनवरून थेट सातवर जातात. ताई दुरुस्त करत नाहीत. किती उरलं, ते वाटीत दिसतंच आहे.

"अठराव्या वर्षी विशेष शाळा संपली आणि पीटीचा तासही," आई मला हळूच सांगते. "मग टीव्ही आणि हा. वजन कसं वाढलं, कळलंच नाही."

आता जागच्या जागी चालणं. मोबाइलवर ढोल-ताशा सुरू होतो आणि दादांचे गुडघे तालात वर येऊ लागतात. ताई नाडीचा आकडा धरून बसत नाहीत. डाउन सिंड्रोममध्ये श्रम केले तरी हृदयाचे ठोके इतरांइतके वर चढत नाहीत, त्यामुळे वयावरून काढलेलं नेहमीचं गणित इथे चालत नाही. त्या गप्पा मारतात.

"काल भाजी कसली होती?"

"भेंडी."

"आवडली?"

"नाही. चिकट."

बोलता येतंय, म्हणजे चालू द्यायचं. दमलो, असं दादा सहसा सांगत नाहीत. गप्प झाले, चेहरा उतरला, की थांबायचं.

बाबा पेपर खाली ठेवतात. "सूर्यनमस्कार का नाही?"

"मानेतल्या सगळ्यात वरच्या दोन मणक्यांचा सांधा काहींचा ढिला असतो," ताई म्हणतात. "डॉक्टरांना विचारल्याशिवाय मानेवर ताण येईल असं काही नको. कोलांटी, शीर्षासन तर नाहीच. हातात मुंग्या आल्या, चाल बदलली, तर लगेच दाखवायचं."

जागतिक आरोग्य संघटनेची २०२० ची शिफारस प्रौढांसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटांच्या मध्यम व्यायामाची आहे, अपंगत्व असलेल्या प्रौढांसाठीही. ते ऐकून आईच्या कपाळावर आठी. ताई हसतात, "ते पुढचं. आज बारा मिनिटं झाली ना? काहीच न करण्यापेक्षा थोडं केलेलं केव्हाही बरं."

शेवटच्या व्यायामासाठी दोन फोटो पुढे येतात. दोन्हीत दादाच आहेत, एकात भिंत ढकलताना, दुसऱ्यात पाण्याच्या बाटल्या उचलताना. "कुठला?" दादा बाटल्यांवर बोट ठेवतात. अर्ध्या लिटरच्या दोन बाटल्या, खांद्यापर्यंत वर आणि सावकाश खाली.

मग तक्त्यावर वार लिहिणं. सोमवारपासून सुरुवात करून ताई रविवारपर्यंत येतात.

"रविवार नाही," दादा म्हणतात.

"अरे, थोडंसं तर करायचं," आई.

"रविवारी सुट्टी. बाबांना पण असते."

बाबांना यावर बोलायला जागाच नाही. ताई रविवारवर फुली मारतात आणि तक्ता सहीसाठी दादांपुढे सरकवतात.