पुन्हा शून्यापासून
(द्वितीय वर्ष कला)

जवळचे सर्वस्व एका दिवसात नाहीसे झाले आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची वेळ आली, तर माणसाने काय करावे? प्रश्न तत्त्वज्ञानाच्या तासाला शोभेल असा आहे. मला मात्र तो संगणकावरच्या एका खेळाने विचारला. त्या खेळाचे नाव ‘एस्केप फ्रॉम टार्कोव्ह’. आपल्यापैकी काही मित्र तो खेळतात, काहींनी नुसते नाव ऐकले आहे, आणि आमच्या गुरुजनांना तो बहुधा निव्वळ गोळीबाराचा खेळ वाटत असावा. गोळीबार त्यात आहेच. पण त्यात तगून राहायचे असेल तर नवशिक्याला बंदुकीपेक्षा हिशेब अधिक उपयोगी पडतो, हे सांगण्यासाठी हा लेखनप्रपंच.

प्रथम खेळाची थोडी ओळख करून देतो. रशियातील सेंट पीटर्सबर्ग येथे उदयास आलेल्या ‘बॅटलस्टेट गेम्स’ या कंपनीचा हा खेळ. त्याची चाचणी आवृत्ती जुलै २०१७ मध्ये निघाली आणि पूर्ण आवृत्ती थेट १५ नोव्हेंबर २०२५ रोजी. टार्कोव्ह हे वायव्य रशियातील एक काल्पनिक शहर. तेथे ‘यूसेक’ आणि ‘बेअर’ या दोन भाडोत्री सैन्यांत जुंपलेली, शहर ओस पडलेले, आणि उरलेसुरले भुरटे लुटारू, म्हणजे ‘स्कॅव्ह’, गल्लोगल्ली फिरणारे. खेळाडू एका बाजूचा सैनिक होऊन शहराच्या एखाद्या भागात शिरतो. या शिरण्याला ‘रेड’ म्हणतात. आत जाताना स्वतःजवळचे सामान न्यायचे, आत सापडेल ते उचलायचे आणि ठराविक वेळेच्या आत नेमून दिलेल्या वाटेने बाहेर पडायचे. सुखरूप बाहेर आलात तर सगळे तुमचे. वाटेत मेलात, किंवा वेळ संपली, तर बरोबर नेलेलेही गेले आणि मिळवलेलेही गेले. इतर खेळांत मेल्यावर आपण पुन्हा उभे राहतो आणि बंदूक हातातच असते. येथे मरणाला किंमत आहे.

त्याहून मोठे मरण म्हणजे ‘वाईप’. चाचणीच्या वर्षांत साधारण सहा-सात महिन्यांनी, कधी त्याहून उशिरा, कंपनी सर्व खेळाडूंची पाटी कोरी करीत असे. कोठारातील सामान, पैसा, चढलेल्या पातळ्या, व्यापाऱ्यांशी जमवलेली पत, सगळे पुसले जाई. जुलै २०२५ मध्ये असा वाईप झाला आणि त्या वेळी नियमही मुद्दाम अधिक कडक ठेवले होते. नोव्हेंबरमध्ये पूर्ण आवृत्ती आली तेव्हा पुन्हा सर्वजण शून्यावर आले. नवशिक्याने खेळायला लागावे ते अशाच वेळी. कारण त्या आठवड्यात अनेक वर्षांचा मुरलेला खेळाडूही साध्याच बंदुकीनिशी, स्वस्त चिलखतात फिरत असतो. पुढे महिनाभरात त्याच्या आणि आपल्या सामानात जमीन-अस्मानाचे अंतर पडते.

आता या पहिल्या दिवसांत वागावे कसे, ते अनुभवाच्या क्रमाने सांगतो.

पहिली गोष्ट वाटांची. नवशिके बंदुका पाठ करतात. मी म्हणतो आधी नकाशा पाठ करावा. खेळात आपण कोठे उभे आहोत हे दाखवणारा ठिपका नसतो. खुणा स्वतःच ओळखायच्या. ‘कस्टम्स’ नावाच्या भागात मधून नदी वाहते, पलीकडे कामगारांच्या वसतिगृहाच्या इमारती आहेत, रस्त्यावर पेट्रोलपंप आहे. या तीन खुणा ओळखल्या की दिशा समजते. बाहेर पडण्याच्या वाटा बहुधा आपण ज्या टोकाला उतरलो त्याच्या विरुद्ध टोकाला असतात. म्हणजे अर्धा नकाशा ओलांडल्याशिवाय सुटका नाही. म्हणून एक-दोनच भाग निवडावेत. ‘ग्राउंड झिरो’ हा छोटा भाग डिसेंबर २०२३ मध्ये नवख्यांसाठीच जोडला गेला. आरंभ तेथे करावा. ज्यात गमावण्यासारखे काही नसते अशी सरावाची रेडही खेळता येते. मी पहिल्या चार रेड अशा नुसत्या चालण्यात घालवल्या. मामेभाऊ हसला. पण पाचव्या रेडमध्ये मी बाहेर पडलो आणि तो पडला नाही.

दुसरी गोष्ट स्कॅव्हची. खेळाडूला आपल्या सैनिकाऐवजी अधूनमधून स्कॅव्ह होऊनही शिरता येते. त्या वेळी खेळच आपल्याला काहीबाही सामान देतो. कधी नुसते पिस्तूल, तर कधी बरी रायफल आणि पाठीवरची पिशवी. मेलो तर आपल्या कोठारातले काहीच जात नाही. सुटलो तर सगळे आपले. शिवाय स्कॅव्ह रेड चालू झाल्यावर मागाहून उतरतो. तोवर मोठे सैनिक एकमेकांना मारून मोकळे झालेले असतात आणि त्यांनी टाकलेले बरेच काही पडून असते. सुगीनंतर शेतात राहिलेला सर्वा वेचावा तसा हा प्रकार. हात मोकळे असलेल्याने यात कमीपणा मानू नये. मात्र एक पथ्य पाळावे. स्कॅव्ह असताना दुसऱ्या स्कॅव्हवर विनाकारण गोळी झाडू नये. तसे केल्याने ‘फेन्स’ नावाच्या व्यापाऱ्याजवळची आपली पत घसरते, आणि पत घसरली की पुन्हा स्कॅव्ह होण्यासाठी अधिक वेळ थांबावे लागते.

तिसरी गोष्ट गोळ्यांची. खेळातले हे सर्वांत मोठे गुपित, आणि नवखा नेमका येथेच फसतो. तो भारी बंदूक घेतो आणि तीत हलक्या गोळ्या भरतो. वास्तविक चिलखत भेदते ती गोळी. बंदूक हे तिला पाठवण्याचे साधन. चिलखतांचे १ ते ६ असे वर्ग आहेत आणि प्रत्येक जातीच्या गोळीचा भेदण्याचा जोर वेगळा. साधी रायफल आणि चांगल्या गोळ्या हा जोड उलट जोडापेक्षा केव्हाही सरस. चांगल्या गोळ्या मिळतच नसतील, आणि पहिल्या आठवड्यात त्या मिळत नाहीत, तर पायांवर नेम धरावा. पायांना चिलखत नसते. शरीराचे सात भाग मानून त्यांना एकूण ४४० गुण दिलेले आहेत: डोक्याला ३५, छातीला ८५, पोटाला ७०, प्रत्येक हाताला ६० आणि प्रत्येक पायाला ६५. पाय निकामी झाल्यावर त्यावर बसणारा पुढचा मार उरलेल्या शरीरात वाटला जातो, आणि भारी चिलखत घातलेला गडीही अशा माराने कोसळतो. छर्ऱ्यांची साधी बंदूक या कामी उत्तम आणि स्वस्त.

चौथी गोष्ट औषधांची. या खेळात माणूस गोळीने मरतो त्याहून वाईट म्हणजे नंतर मरतो. लहान रक्तस्रावाला पट्टी पुरते; मोठ्याला आवळपट्टीसारखा उपाय लागतो. हाड मोडले तर फळी बांधावी लागते, आणि ती नसेल तर वेदनाशामक गोळी खाऊन निदान पळता तरी येते. भूक आणि तहान यांचीही मोजदाद चालूच असते. दोन पट्ट्या, एक आवळपट्टी, एक वेदनाशामक आणि एक साधी औषधपेटी, एवढे घेतल्याशिवाय दाराबाहेर पाऊल टाकू नये. शिर सलामत तो पगडी पचास.

पाचवी गोष्ट राखून ठेवण्याची. प्रत्येक खेळाडूला एक छोटी सुरक्षित पेटी मिळते. मेल्यावरही तिच्यातले जात नाही. नवखे तिच्यात मिळेल ते कोंबतात. तिच्यात आधी औषधे आणि किल्ल्या असाव्यात. उरलेली जागा, सापडली तर, आकाराने लहान पण मोलाने मोठ्या वस्तूला. कोठार चौकटींनी मोजले जाते, तेव्हा प्रत्येक वस्तू चौकटीमागे किती किमतीची, असा विचार करावा. आरंभी स्क्रू, नट, तारा, रबरी नळ्या असल्या भंगारालाही भाव असतो, कारण आपले तळघर उभारायला तेच लागते. विकताना सारे एकाच व्यापाऱ्याला देऊ नये. फेन्स सर्वांत कमी देतो, थेरपिस्ट पुष्कळ वस्तूंना बरे पैसे देते. शिवाय सामानाचा विमा उतरवता येतो. आपण मेल्यावर ते सामान कोणी उचलून नेले नाही, तर काही तासांनी परत मिळते. म्हणून वाटेत अधिक चांगली बंदूक सापडली, तर आपली विमा उतरवलेली जुनी बंदूक खुशाल झुडपात फेकून द्यावी. ती बहुधा घरी येते.

सहावी गोष्ट कानांची. पळणाऱ्याची पावले लांबवर ऐकू येतात. काच, पत्रा आणि वाळकी झुडपे तर चहाडीच करतात. उगाच पळू नये. थांबावे, ऐकावे, मग चालावे. आणि पिशवी अर्धी भरली की बाहेरची वाट धरावी. ‘अजून एकच खोली पाहू’ या वाक्याने माझे जेवढे सामान घालवले तेवढे शत्रूच्या गोळीने घालवले नसेल.

येथवर सांगितले ते सारे जपण्याचे शास्त्र झाले. आता माझीच एक चूक सांगतो, म्हणजे या शास्त्राची दुसरी बाजू कळेल.

मी २०२५ च्या आरंभी मामेभावाच्या संगणकावर खेळू लागलो. एके रात्री, निव्वळ नशिबाने, झुडपात लपलो असता एक तयारीचा खेळाडू माझ्या हातून पडला. त्याची दुर्बीण बसवलेली रायफल, चौथ्या वर्गाचे चिलखत, कानावरचे यंत्र, सारे घेऊन मी बाहेर आलो. ते सामान मी कोठारात ठेवले आणि तेथेच राहू दिले. प्रत्येक रेडला मी स्कॅव्ह होऊन किंवा जुन्या बंदुकीनिशी जाई, आणि त्या रायफलीकडे पाहून मनात म्हणे, आज नको, अजून आपण शिकतो आहोत. खेळाडूंमध्ये या रोगाला नावच आहे, सामानाची भीती. मला तो रोग नवा नव्हता. आमच्या घरी चांगली वस्तू ट्रंकेत जाते. वडिलांना लग्नात मिळालेले घड्याळ सणालाच बाहेर निघे, आणि शेवटी ते ट्रंकेतच बंद पडले. ज्या घरात पुन्हा मिळण्याची खात्री नसते त्या घराची ती रीत आहे; मी तिला हसत नाही. पण जुलैमध्ये वाईप झाला आणि त्या सकाळी कोठार उघडून पाहतो तो रायफल नाही, चिलखत नाही. त्या रायफलीतून मी एकही गोळी झाडली नव्हती. हरलो असतो तर निदान ती कशी चालते हे तरी कळले असते.

मामेभावाने मात्र आपले सगळे रेडमध्ये नेऊन घालवले होते आणि त्याला वाईपचे काहीच दुःख झाले नाही. त्याला प्रत्येक बंदुकीचा धक्का कसा बसतो ते ठाऊक होते. वसतिगृहाच्या कोणत्या खिडकीतून गोळी येते हेही ठाऊक होते. वाईपने त्याच्याकडचे हे काहीच नेले नाही. त्या दिवसापासून मी एक नियम केला: तीन स्वस्त रेडनंतर चौथी रेड जवळच्या सर्वांत चांगल्या सामानानिशी करायची. तशा रेडमध्ये मी अजून जिंकण्यापेक्षा हरतोच अधिक. पण नोव्हेंबरमध्ये पुन्हा पाटी कोरी झाली तेव्हा माझ्या कोठारात रडण्यासारखे काही उरले नव्हते.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. वाईपने सर्व समान होतात असे मी वर म्हटले, ते पूर्ण खरे नाही. अधिक पैसे मोजून महागडी आवृत्ती घेणाऱ्याला वाईपनंतरही मोठे कोठार मिळते. साध्या आवृत्तीत सुरक्षित पेटी चार चौकटींची, तर पूर्वीच्या महाग आवृत्तीत नऊ चौकटींची. एप्रिल २०२४ मध्ये २५० डॉलरची नवी आवृत्ती विक्रीस काढली तेव्हा जुन्या खेळाडूंनी एवढा गहजब केला की कंपनीला माघार घेऊन काही सवलती द्याव्या लागल्या. ज्याच्याकडे रिकामा वेळ अधिक तोही पुढेच असतो. परीक्षेच्या काळात तर आम्ही खेळलोच नाही. चाळीस मिनिटांची रेड मध्येच थांबवता येत नाही, आणि अभ्यासही तसाच. तेव्हा पाटी सर्वांची एकदम कोरी होते हे खरे, पण पेन्सिली सारख्या नसतात. मात्र नकाशा, गोळ्यांचे ज्ञान आणि कान यांना पैसे पडत नाहीत. चार चौकटींच्या पेटीवाल्याने भर द्यायचा तो यांवर.

मी आमच्या घरातला महाविद्यालयात आलेला पहिलाच. पहिल्या वर्षी मी मागच्या बाकावर बसे, शंका वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवी आणि विचारण्याचे उद्यावर टाकी. वर्ष संपले, वही भरली, शंका वहीतच राहिल्या. यंदा तसे करीत नाही. प्रश्न चुकीचा निघाला तर वर्ग हसतो, एवढेच. तेवढे सामान गमावण्याची तयारी आता आहे.

ज्यांना हा खेळ खेळून पाहायचा असेल त्यांनी आधी सरावाची रेड करावी, औषधे घ्यावीत आणि बाहेरची वाट पाठ करावी. आणि चांगली बंदूक मिळाली तर ती चालवावी.