अभिप्राय : वेळेवर आणि तोंडावर

आपल्या समाजातील शिकलेली पहिली पिढी नोकरीस लागली ती बहुधा शिपाई, कारकून, शिक्षक, कंडक्टर म्हणून. आज त्यांचीच मुले-मुली मुख्याध्यापक, शाखाधिकारी, हेडक्लार्क अशा खुर्च्यांवर बसलेली दिसतात. म्हणजे हाताखालच्या माणसाच्या कामावर शेरा लिहिण्याचे काम आता आपल्याकडेही आले आहे. शेरा सोसण्याचा अनुभव आपल्याकडे भरपूर आहे, पण शेऱ्यातून माणूस कसा घडवावा हे कोणी शिकविलेले नाही. म्हणून हा विषय आम्ही येथे घेतला आहे.

व्यवस्थापनाच्या पुस्तकांत यास 'फीडबॅक' आणि 'कोचिंग' असे शब्द आहेत. कोचिंग म्हटले की आपल्या विद्यार्थ्यांना दहावी-बारावीचा क्लास आठवतो, पण येथे अर्थ वेगळा आहे. माणसाचे काम पाहणे, त्यात काय बरोबर व काय चुकले ते त्यालाच सांगणे आणि पुढची वाट त्याच्याबरोबर बसून शोधणे, एवढेच हे आहे. याचे उत्तम उदाहरण आपल्या नाशिक जिल्ह्यातच घडले.

काळाराम मंदिराचा सत्याग्रह २ मार्च १९३० रोजी सुरू झाला. त्याची प्रत्यक्ष धुरा दिंडोरी तालुक्यातील आंबे गावचे भाऊराव गायकवाड, म्हणजे आपले कर्मवीर दादासाहेब, यांच्यावर होती. १९३४ च्या रामनवमीस पुन्हा सत्याग्रह करावा काय, असे त्यांनी बाबासाहेबांना विचारले. ३ मार्च १९३४ च्या पत्रात बाबासाहेबांनी आडपडदा न ठेवता कळविले की तसे करण्याची गरज नाही, सत्याग्रह केवळ पुढे ढकलू नये तर कायमचा थांबवावा. पण ते नुसता नकार देऊन थांबले नाहीत. हा लढा मूर्तिपूजेसाठी नव्हताच, आपल्या लोकांना आपल्या स्थितीची जाणीव व्हावी व त्यांच्यात चैतन्य यावे यासाठी होता, आणि तो हेतू साध्य झाला, अशी कारणे त्यांनी दिली. आता शक्ती व पैसा शिक्षण आणि राजकारणाकडे वळवावा, असेही सांगितले. चार वर्षे जिवाचे रान करणाऱ्या कार्यकर्त्यास 'थांबा' म्हणणे सोपे नसते. पण झालेल्या कामाचे मोल मान्य केले, कारण दिले आणि पुढचे कामही दाखविले, म्हणून ते पत्र मार्गदर्शन ठरले. तेव्हा भाऊराव एकतीस वर्षांचे होते. हेच दादासाहेब पुढे १९५७ मध्ये लोकसभेत गेले आणि १९६४-६५ च्या भूमिहीनांच्या सत्याग्रहाचे त्यांनी नेतृत्व केले.

आता याच्या अगदी उलट पद्धत पाहू. सरकारी खात्यांत वर्षानुवर्षे गोपनीय अहवाल लिहिले जात. प्रतिकूल शेरा तेवढा कळविण्याची पद्धत होती, बाकीचे फाईलमध्येच राहत असे. सीमा रस्ते विभागातील कार्यकारी अभियंता देव दत्त यांना १९९३-९४ च्या अहवालात 'चांगला' असा शेरा मिळाला. ऐकायला तो चांगलाच, परंतु बढतीसाठी 'खूप चांगला' लागत होता. तो शेरा त्यांना कळविला नव्हता आणि बढती हुकली. १२ मे २००८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की शेरा कोणताही असो, तो कर्मचाऱ्यास वाजवी वेळेत कळविलाच पाहिजे. २०१३ मध्ये सुखदेव सिंग प्रकरणात तीन न्यायमूर्तींनी तेच कायम केले. देव दत्त मात्र २००८ पर्यंत निवृत्तही होऊन गेले होते. आपल्या नोकरदार बांधवांनी हे दोन्ही निर्णय ध्यानात ठेवावेत. आपला अहवाल मागून घ्यावा, न पटल्यास लेखी म्हणणे मांडावे. आणि स्वतः अहवाल लिहिणाऱ्यांनी एवढे तरी पाहावे की मार्चअखेर जे लिहिणार ते त्या माणसाने वर्षभरात आपल्या तोंडून एकदा तरी ऐकलेले असावे.

कनिष्ठाची चूक वरिष्ठाने सांगावी हे झाले. वरिष्ठाची कोणी सांगावी? विनयपिटकात यास उत्तर आहे. वर्षावास संपल्यावर पवारणा होते. प्रत्येक भिक्खू संघास विनंती करतो की माझ्याविषयी काही पाहिले, ऐकले वा शंका आली असेल तर अनुकंपेने सांगावे. सुरुवात सर्वांत ज्येष्ठ भिक्खूपासून होते, ही गोष्ट आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटते. साहेबाने आधी विचारल्याशिवाय शिपाई बोलणार नाही. चूक सांगणाऱ्यासही तेथे पाच अटी आहेत : योग्य वेळी, खरे तेच, सौम्य शब्दांत, हिताचे आणि मैत्रीच्या भावनेने सांगावे. आमच्या मते पहिली अटच सर्वांत जास्त मोडली जाते, कारण चार लोकांसमोर बोलण्याचा मोह आवरत नाही.

मालेगावात यंत्रमागावर ताण्याचा धागा वारंवार तुटला तर एखादा जॉबर कारागिरावर ओरडून पुढे जातो. दुसरा माग थांबवून धागा कोठे घासतो ते दाखवितो आणि पुढच्या वेळी कारागिराला स्वतःला शोधू देतो. उद्या जॉबर व्हायचा असेल तो दुसऱ्याच्या हाताखालचा होईल. शाळा-कचेऱ्यांतही हेच आहे. 'तुम्ही निष्काळजी आहात' हा अभिप्राय नव्हे. 'मंगळवारच्या पत्रात जावक क्रमांक नव्हता, त्यामुळे ते परत आले', हा अभिप्राय. त्यावर 'काय अडचण आली?' असे विचारावे, उत्तर पूर्ण ऐकावे, आणि आठ दिवसांनी तीच गोष्ट पुन्हा पाहावी.

आपल्या जयंती समित्यांतही हे सहज करता येईल. कार्यक्रमानंतर हिशेबाची बैठक होतेच. त्याच बैठकीत अध्यक्षांनी प्रथम स्वतःच्या कामाविषयी विचारावे, आणि बोलण्याची सुरुवात सर्वांत लहान कार्यकर्त्यापासून करावी. मोठे आधी बोलले की लहान माना डोलावतात.