दुरुस्त हृदयाचे मोजमाप

काही बाळांचे ओठ व नखे निळसर दिसतात. याचे एक प्रमुख कारण म्हणजे ‘टेट्रालॉजी ऑफ फॅलो’ हा जन्मजात हृदयदोष. फ्रेंच वैद्य फॅलो यांनी १८८८ मध्ये त्याचे सविस्तर वर्णन केले. यात दोन्ही जवनिकांमधील पडद्याला भोक असते, तर फुप्फुसाकडे जाणारी वाट अरुंद असते. अमेरिकेत मिनेसोटा येथे लिलेहाय यांनी १९५४ मध्ये या दोषाची पूर्ण दुरुस्ती प्रथम केली. भोक बुजवून वाट रुंद केली की मूल खेळू-बागडू लागते.

मग पुढे तपासणी कशासाठी? वाट रुंद करताना पुष्कळदा फुप्फुस-धमनीच्या तोंडाशी असलेली झडप छेदावी लागते. ती नीट मिटत नाही आणि प्रत्येक ठोक्याला काही रक्त मागे येते. ते सामावून घेताना उजवी जवनिका वर्षानुवर्षे ताणत जाते. बरीच वर्षे तक्रार मात्र काहीच नसते!

ही जवनिका चंद्रकोरीसारखी असून छातीच्या हाडामागे असते. त्यामुळे ध्वनितरंगांच्या ‘इको’ तपासणीत तिचे घनफळ अचूक मिळणे कठीण असते. एमआरआयमध्ये चुंबकीय क्षेत्र व रेडिओलहरी यांच्या साहाय्याने शरीरातील हायड्रोजनच्या अणुकेंद्रांकडून संकेत मिळवतात. ईसीजीशी मेळ घालून हृदयाच्या एकापुढे एक कापांची चित्रे घेतात. वेड्यावाकड्या बटाट्याचे घनफळ काढावे तसेच हे गणित आहे: प्रत्येक कापाचे क्षेत्रफळ गुणिले जाडी, आणि सर्वांची बेरीज.

वाहत्या रक्ताच्या संकेताची कला वेगानुसार बदलते. त्यावरून रक्त किती पुढे गेले व किती परतले हे कळते. समजा, १०० मिलिलिटर पुढे गेले आणि ४० मागे आले, तर गळती ४० टक्के.

हे आकडे वेळोवेळी ताडून नवी झडप केव्हा बसवायची ते ठरवतात. फार लवकर बसवली, तर तीही झिजून पुन्हा बदलण्याची वेळ लवकर येते. उशीर झाला, तर ताणलेली जवनिका पूर्ववत होईलच असे नाही. एमआरआयमध्ये क्ष-किरण नसल्याने तपासणी पुनःपुन्हा करता येते. पेसमेकर असल्यास मात्र आधी सांगणे आवश्यक आहे.

आपल्या वर्गात छातीवर शस्त्रक्रियेचा व्रण असलेला विद्यार्थी असेल, तर त्याच्या पालकांना एवढेच विचारावे: तपासणी अजून चालू आहे ना?